हिरव्या दोऱ्याच्या पुड्या

नांदेड,
२४ नोव्हेंबर १९८२

प्रिय शकू,

तू म्हणशील, बाईला काम पडलं तेव्हा आठवण झाली. खरं आहे. कामच पडलंय.

लातूरच्या वसतिगृहात आपण तीन वर्षं एका खोलीत काढली. थंडीत मी माझे गार पाय तुझ्या गोधडीत खुपसायची आणि तू मला तुझ्या उमरी गावच्या खास शिव्या द्यायचीस. ते गार पाय आता माझ्या एम.डी.चा विषय झाले आहेत. बायकांच्या हातापायांचा गारठा, आणि त्यावर सुंठ, पिंपळी, अश्वगंधा असं चूर्ण. सरांनी आधी नाक मुरडलं. म्हणाले, हा काय रोग आहे? मी म्हटलं, सर, घरी बाईसाहेबांना विचारा. दुसऱ्या दिवशी विषय मंजूर!

आता नीट ऐक. तू जूनपासून करंजवाडीच्या उपकेंद्रात नर्स आहेस आणि माझी शांतम्मा मावशी त्याच गावात राहते. हा योग मी सोडणार नाही. मावशी तीस बायका जमवून देणार आहे, सगळ्या ओळखीच्या घरातल्या. पुड्या एस.टी.च्या पार्सलने पाठवते आहे. दोन हजार आहेत आणि सगळ्या मी स्वतः बांधल्या आहेत. निम्म्यांना हिरवा दोरा, निम्म्यांना लाल. एकीत औषध, दुसरीत नुसतं भाजलेलं पीठ, गूळ आणि चवीपुरतं मिरं. कुठल्या दोऱ्यात काय ते तुलाही सांगणार नाही. रागावू नकोस, पद्धतच तशी आहे. तपासणाऱ्याला माहीत असलं की हात आपोआप हवा तसा लागतो.

पंधरा जणींना हिरवी, पंधरा जणींना लाल. रोज एक पुडी, आठ आठवडे. दर सोमवारी तू प्रत्येकीचे दोन्ही हात तुझ्या हातात धरायचे, साठ अंक मोजायचे आणि गुण लिहायचा. शून्य म्हणजे बर्फ, एक म्हणजे गार, दोन कोमट, तीन ऊबदार.

३१ मार्चला प्रबंध द्यायचा आहे. नाही दिला तर मुदत संपली. आप्पांनी लातूरला आडतीच्या दुकानावरची खोली रिकामी करून ठेवलीच आहे. म्हणतात, पदवीचं खूळ पुरे, इथं दवाखाना टाक, म्हणजे स्थळं बघायला बरं. तेव्हा माझी सगळी मदार आता तुझ्या दोन हातांवर आहे.

तुझी,
उमा

&nbsp;

करंजवाडी,
१४ डिसेंबर १९८२

उमा, जय भीम.

तुझं पत्र बारा दिवसांनी मिळालं, कारण पाकिटावर तू जि. उस्मानाबाद लिहिलंस. स्वतः लातूरची असून! आपला जिल्हा वेगळा होऊन चार महिने झाले. आमचा पोस्टमन मारोती म्हणाला, "जुना जिल्हा लिवला की पत्र जुना जिल्हा बघूनच येतंय." पार्सलही तसंच फिरून आलं.

नवा जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले होते. माझ्या वाट्याला काय आलं सांगू? सप्टेंबरपासून मी लोहाच्या गोळ्या मागते आहे. एक साहेब म्हणतात जुन्या जिल्ह्याकडे मागा, दुसरे म्हणतात नव्याकडे. इथल्या बायकांच्या पापण्या उलटून बघ, आत पांढऱ्याफटक. पाऊस दोनदा शिंपडून गेला, ज्वारी वीतभर वाढून करपली, खायला धड नाही. मी गोळ्या मागितल्या आणि आली तुझी सुंठ. असो. तुझं काम आहे, करते.

काल सोमवारी शांतम्माच्या ओसरीवर पहिली तपासणी झाली. तीसही जणींचे आकडे सोबतच्या कागदावर आहेत. पुड्या आठवड्याच्या दिल्या.

एक विचारायचं होतं. उपकेंद्राला लागूनच आमची वस्ती आहे. तिथल्या बायका पहाटे उठून पाझर तलावाच्या कामावर जातात, दगड फोडतात. त्यांनी पुड्या पाहिल्या. सरजाबाई म्हणाली, "शिस्टर, आमचे हात काय लाकडाचे हायेत का? आमाला न्हाई का गारठा?" मी काय उत्तर देऊ?

शकू

&nbsp;

नांदेड,
२४ डिसेंबर १९८२

प्रिय शकू,

पाकिटावर जि. लातूर असं ठळक लिहिलं आहे, बघ.

आकडे मिळाले. पण बाई, हे काय? तीस जणींत एकीलाही शून्य नाही, एकीलाही तीन नाही. सगळ्या एक किंवा दोन. साठपर्यंत मोजतेस ना? की वीसवर आटपतेस? मला ठाऊक आहे तुझी घाई. परीक्षेत अर्धा तास आधी पेपर देऊन बाहेर पडणारी तू.

दुसरं. पुड्या घरी नेऊ देऊ नकोस. रोज सकाळी उपकेंद्रात बोलव, तुझ्यासमोर कोमट पाण्याबरोबर घ्यायला लाव. घरी नेल्या की सासूला, नवऱ्याला, कोणालाही देतील.

वस्तीतल्या बायकांचं म्हणशील तर यादी आता बदलता येत नाही. शिवाय कामावर जाणाऱ्या बायका मध्येच सोडतात, असं सरांचं म्हणणं. मावशीने निवडलेल्या घरात तरी असतात. सरजाबाईला सांग, पुढच्या वेळी.

मी इथं ग्रंथालयात गारठून बसले आहे आणि माझ्याच पुड्या मला खाता येत नाहीत, कारण सगळ्या तुझ्याकडे आहेत.

उमा

&nbsp;

करंजवाडी,
४ जानेवारी १९८३

उमा, जय भीम.

नांदेडमध्ये बसून हुकूम सोडणं सोपं असतं.

तुझ्या तीस बायकांच्या तीस तऱ्हा आहेत. एकीने पुडी आमटीत घातली, म्हणे चव येते. एकीने देवापुढे ठेवली आणि मग प्रसाद म्हणून घेतली. सिद्रामप्पा किराणावाले स्वतः आले, म्हणाले, "बायकोचे हात गरम झाले तं झाले, पन डोकं गरम झालंय तिचं, त्याला बी कायतरी द्या." मी कुठवर पुरू?

माझ्यासमोर पाणी पिऊन पुडी घेणं जमणार नाही. का, ते विचारू नकोस. जमणार नाही म्हणजे नाही.

विहिरींनी तळ गाठला आहे. टँकर एक दिवसाआड येतो, तोही पहाटे. बायका अंधारात रांग लावतात, गार पाण्यात हात घालून घागरी भरतात आणि मग माझ्याकडे येऊन म्हणतात हात गार पडतात. यावर सुंठ काय करणार? पण मी कोण बोलणारी. मी नर्स, तू डॉक्टर.

चौथ्या सोमवारपर्यंतचे आकडे पाठवते आहे. वर चढताहेत. तुला हवं तेच होतंय असं दिसतं.

शकू

&nbsp;

नांदेड,
१२ जानेवारी १९८३

शकू! शकू! शकू!

तुझ्या सगळ्या शिव्या माफ. मी काल रात्री जेवले नाही आणि आज दोनदा जेवले, इतका आनंद झाला आहे.

कळतंय का तुला काय झालंय? एका दोऱ्याच्या पंधरा बायका जिथल्या तिथे आहेत आणि दुसऱ्या दोऱ्याच्या चढत चढत अडीचवर गेल्या आहेत. अडीच! सरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, हे पुढं पाठवण्यासारखं दिसतंय. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसायला सांगितलं.

तू काय काय सोसलंस ते मला कळतं. मी तिथं येऊन तुझे हात हातात घेणार आहे आणि साठ नाही, सहाशे अंक मोजणार आहे. आता फक्त तीन आठवडे. जिवाला जप आणि माझ्या पुड्यांना त्याहून जास्त जप.

संक्रांतीचा तीळगूळ पाकिटात घालते आहे, चुरा झाला तरी गोड बोल.

उमा

&nbsp;

करंजवाडी,
२५ जानेवारी १९८३

उमा,

तीळगुळाचा चुराच झाला होता. आणि गोड बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तू आधी खाली बस आणि मग वाच.

काल सोमवारी नागुबाई माझ्याकडे आली. तिची लाल दोऱ्याची पुडी. म्हणाली, "शिस्टर, माज्याकडं आता हिरव्या धा झाल्या अन् लाल तीनच ऱ्हायल्या. कशा खाऊ? आधी हिरव्या खाऊ का मिसळून?" मी म्हटलं, हिरव्या तुझ्याकडे आल्या कुठून? तर म्हणाली, "वाणात आल्या की."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात घरोघर हळदीकुंकू झालं. यंदा दुष्काळ. फण्या, आरसे, डबे आणायला कोणाकडे पैसे आहेत? तुझ्या पुड्या मात्र घरात आयत्या, कागदात बांधलेल्या, रंगीत दोऱ्याच्या, वर डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या. असं वाण कुठं मिळणार? सगळ्यांनी तेच लुटलं. हिरवीने लालला दिल्या, लालने हिरवीला दिल्या, आणि ज्या यादीतच नव्हत्या त्यांनाही गेल्या. पार्वतीबाईने तर माहेरी चाकूरला पाच पाठवल्या.

मी पुड्या वाटणं थांबवलं आहे. सातशेच्या वर उरल्या आहेत, त्या कुलपात ठेवल्या. सहा आठवड्यांवर पाणी पडलं. मला फार वाईट वाटतंय.

कालचे आकडे तरी पाठवते.

शकू

&nbsp;

नांदेड,
३१ जानेवारी १९८३

शकुंतला,

तुझं पत्र वाचून मी काय केलं ते सांगत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीने दार वाजवलं, एवढंच सांगते.

आठ दिवस! आठ दिवस गावात घरोघर माझ्या पुड्या वाटल्या जात होत्या आणि तुला पत्ता नाही? तू त्याच गावात राहतेस ना? पन्नास पावलांवर हळदीकुंकू चाललं असेल. एखादीच्या घरी जरी गेली असतीस तरी दिसलं असतं. मी इथून काय काय सांभाळायचं? पुड्या मी बांधायच्या, सरांचे टोमणे मी खायचे, आणि तिथं एक नजर ठेवायची तेवढंही होऊ नये?

आणि आता मला हे समजावून सांग. कालपर्यंत मी रडत होते, आज कागद पुढे घेऊन बसले तर डोकं फिरायची वेळ आली. पुड्या चौदा तारखेपासून बदलल्या. मग सतरा आणि चोवीस तारखेचे आकडे पूर्वीसारखेच कसे? हिरवीने लाल खाल्ली, लालने हिरवी खाल्ली, तरी कागदावर हिरव्याच चढतात आणि लाल जागेवरच! नागुबाईने स्वतः हिरव्या खाल्ल्या असतील, तिला कागदावर एक. असं कुठलं औषध असतं, जे पोटात गेलेल्या पुडीवर नाही, यादीतल्या नावावर चालतं?

तू हात कसे तपासलेस ते मला खरं सांग.

उमा

&nbsp;

करंजवाडी,
७ फेब्रुवारी १९८३

उमा,

खरं सांगते. डिसेंबरातच सांगायला हवं होतं.

मी एकीचाही हात धरलेला नाही. तीसपैकी एकीचाही नाही.

पहिल्या सोमवारी मी ओसरीवर चढले तेव्हा शांतम्मा म्हणाली, "आगं, सगळ्यांची आंघोळ-पूजा झालीया. तू तिथं पायरीवर बस, मी हात बघते अन् सांगते, तू लिही." बोलली प्रेमानेच. मला पायरीवर पोतंही अंथरलं. मग ती एकेकीचा हात धरायची, ओठात काहीतरी मोजायची आणि "दोन", "एक", पुढे पुढे "तीन लिही तीन" असं सांगायची. मी लिहायची. आठही... नाही, सातही सोमवार असंच.

याच ओसरीच्या मागच्या खोलीत मी ऑगस्टमध्ये त्याच वाड्यात राहणाऱ्या पार्वतीबाईच्या सुनेचं बाळंतपण केलं. बाळ आडवं होतं. तेव्हा माझे हात कोपरापर्यंत चालले. हात बघायला चालत नाहीत. माझ्यासमोर पाणी पिऊन पुडी का घेत नाहीत, ते आता तुझं तूच समज.

तू विचारतेस हळदीकुंकवाला गेली असतीस तर दिसलं असतं. अगं, मला कोण बोलावणार? आणि आम्ही ते करत नाही हेही तुला माहीत आहे. तीन वर्षं एका खोलीत राहिलीस तू माझ्या. तुला इतकंही सुचू नये? वसतिगृहात तू माझ्या ताटातलं उचलून खायचीस, म्हणून सगळं जग तसंच आहे असं तुला वाटतं. मला तुझ्या पत्राचा राग आला. अजून आहे.

पण लपवलं ते चुकलंच. मला वाटलं, तुझ्या सख्ख्या मावशीबद्दल कसं लिहायचं. आणि दुसरं, मला लाज वाटली. लाज त्यांना वाटायला हवी, हे कळत होतं तरी मलाच वाटली.

एक मला कळत नाही. शांतम्माला कसं माहीत, कुठला दोरा चढवायचा ते?

शकू

&nbsp;

नांदेड,
१४ फेब्रुवारी १९८३

प्रिय शकू,

मी सांगितलं तिला.

दिवाळीत ती लातूरला आमच्याकडे आली होती. मी पुड्या बांधत बसले होते. मावशी म्हणाली, "उमी, मला खरी दे हां, पिठाची नको. माझे हात लई दुखतात गं." मी हसून एक दोरा तिला दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तुला पद्धत शिकवणारी मी, आणि पहिल्या दिवशी पद्धत मोडली मीच. मावशीला वाटलं असेल, भाचीचं औषध आहे, पोरीचं भलं होऊ दे. तिने प्रत्येक हाताला माझ्या नावाने गुण दिले.

तुझ्या पत्रातलं बाकीचंही वाचलं. मी माफी मागते. नीट मागता येत नाही आहे, पण मागते.

आता एक विचारते आणि विचारताना मला स्वतःचीच किळस येते. तरी विचारते, कारण माझ्यापुढे दुसरं काही नाही. तक्ते तयार आहेत. संक्रांतीच्या आधीचे पाच सोमवार तेवढेच घ्यायचे. सरांना यातलं काही माहीत नाही. ते फक्त एक ओळ मागतात, हात तपासणाऱ्या नर्सची सही: "मी स्वतः हात तपासले." तू ती सही दिलीस तर मार्चमध्ये मी एम.डी. नाही दिलीस तर आडतीच्या दुकानावरची खोली. आप्पांनी तिला रंगही दिला म्हणे.

नाही म्हणालीस तरी मी समजेन.

उमा

&nbsp;

करंजवाडी,
२० फेब्रुवारी १९८३

उमा, जय भीम.

नाही.

माझ्या आजोबांनी जन्मभर अंगठा उठवला, कशावर ते त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या बापाने मला रोज चार मैल शाळेत धाडलं ते मला वाचता यावं आणि सही करता यावी म्हणून. जे मी केलं नाही ते केलं म्हणून मी सही करणार नाही. तुझ्यासाठीही नाही. तुला राग आला तर येऊ दे.

पण तुला हात तपासूनच हवे असतील तर उद्या सोमवार आहे आणि उद्यापासून मी तपासणार आहे. सातशे पुड्या कुलपात आहेत. आमच्या वस्तीतल्या चोवीस बायका तयार आहेत. मध्येच सोडतील म्हणालीस ना? त्या पहाटे कामावर जाताना उपकेंद्राच्या दारावरूनच जातात. मी पाणी कोमट करून ठेवणार, माझ्यासमोर पुडी घेणार आणि पुढे जाणार. यांच्यात वाण नाही की काही नाही. जी पुडी दिली ती त्याच बाईच्या पोटात.

आणि मला तुझ्या दोऱ्यांवर विश्वास राहिला नाही. कुठला खरा ते मला आता कागदावरून ओळखू येतंय. म्हणून धुरपदा सुईणीला सगळे दोरे काढायला सांगितले. हिरव्या दोऱ्याच्या पुड्या एका मडक्यात, लालच्या दुसऱ्या मडक्यात. कुठल्या मडक्यात काय आणि कोण कुठल्यातलं घेणार, ते तिनेच ठरवलं. तिला लिहिता येत नाही, पण गावातल्या चारशे बाळंतपणांच्या तारखा तिच्या तोंडात आहेत. चोवीस नावं काय विसरते! मी फक्त हात धरणार आणि आकडा लिहिणार. शेवटी धुरपदा सांगेल.

एकवीस दिवस. थंडी सरत आली आहे, पण तलावाच्या कामावर पहाटे अजून गारठा असतो.

हवं असेल तर घे, नको असेल तर कळव. मी तरीही करणार आहे.

शकू

&nbsp;

नांदेड,
२६ फेब्रुवारी १९८३
(कार्ड)

शकू, सही नको. मडक्यांचं मला सुचलं नव्हतं, लाज वाटते. कर. जुने तक्ते मी सरांना अजून दिलेले नाहीत. वाट बघते.
उमा

&nbsp;

करंजवाडी,
१४ मार्च १९८३

उमा, जय भीम.

एकवीस दिवस झाले. चोवीसपैकी एकीनेही सोडलं नाही. ज्या दिवशी सरजाबाईच्या पायावर दगड पडला, त्या दिवशीही ती लंगडत आली. म्हणाली, "माजा आकडा चुकायचा न्हाई."

आज सकाळी धुरपदाला समोर बसवलं आणि तिने नावं सांगितली. मी दोन ओळींत लिहिली. तुला थोडक्यात सांगते. हिरव्या दोऱ्याच्या बारा जणींत चौघींचे हात सुधारले. लाल दोऱ्याच्या बारा जणींत पाच जणींचे. बाकीच्या जिथल्या तिथे. सुधारले ते उन्हाळा लागत आला म्हणून, असं मला वाटतं.

तुझ्या औषधाने काही होत नाही, उमा. पीठ आणि सुंठ सारखंच. मी प्रत्येक हात दोन्ही हातांत धरून साठ मोजले आहेत आणि यात एकही आकडा सांगोवांगी नाही. सही केली आहे, खाली बघ.

तुला हे नको होतं हे मला माहीत आहे. मलाही नको होतं. मी मनात म्हणत होते, हिरव्यातल्या दोन तरी जास्त निघू देत. निघाल्या नाहीत. रोज पहाटे उठून मी हेच सिद्ध केलं याचा मला फार वैताग आला.

बायका विचारत होत्या, काय निघालं? खरं सांगितलं. सरजाबाई म्हणाली, "तं मग हात बघाया येऊ नगं का आमी सोमवारी?" मी म्हटलं, या.

शकू

&nbsp;

नांदेड,
४ एप्रिल १९८३

प्रिय शकू,

प्रबंध ३० मार्चला दिला. तुझा तक्ता घातला. मावशीच्या ओसरीवरचा तक्ताही घातला, त्यावर आडवी रेघ मारून, आणि तो का बाद ते दोन पानं लिहिलं. वाणाचं लिहिलं. मावशीला दोरा मी सांगितला, ते लिहिलं. नर्सला हात का धरू दिले नाहीत, तेही लिहिलं. सर म्हणाले, "हे वैद्यकात कुठं बसतं?" मी म्हटलं, "सर, आकडा तिथंच चुकला."

ते चिडले. म्हणाले, औषध निकामी ठरवायला कोणी प्रबंध लिहितं का? चोवीस मजूर बायका, एकवीस दिवस, याला कोण विचारतं? पहिला तक्ता किती सुरेख होता! कागद परत केले. नवीन विषय घेऊन पुन्हा दोन वर्षं, नाहीतर सोडा. दोन वर्षांची फी आप्पा देणार नाहीत, हे मला विचारण्याआधीच कळलं होतं.

तर मी लातूरला चालले. खोलीचा रंग निळा आहे म्हणे. दोन वर्षं गेली, शकू. मी वेड्यासारखी रडले आणि तुझ्यावरही चिडले. एक सही केली असतीस तर, असं एकदा मनात आलंच. तुला खोटं सांगून आता काय करू? आलं. मग तुझा कागद पुन्हा काढून वाचला. चोवीस नावं, एकवीस दिवस, एकही चौकोन रिकामा नाही. असं स्वच्छ काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मावशीला मी अजून पत्र लिहिलेलं नाही. काय लिहू तेच कळत नाही.

उमा

&nbsp;

करंजवाडी,
११ एप्रिल १९८३

उमा, जय भीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस काम सुचलं नाही. तुला एकदा वाटलं ते तू लिहिलंस, बरं केलंस. माझ्याही मनात एकदा आलं होतं, की केली असती सही तर काय बिघडत होतं. ते झालं.

शांतम्माचं सांगायला बसले आहे.

काल दुपारी उपकेंद्रात मी एकटी होते. बाहेर ऊन असं की कुत्रं दिसत नव्हतं. शांतम्मा आली. मागच्या बाजूने आली, सिद्रामप्पांच्या दुकानासमोरून नाही. खुर्ची दिली, बसली नाही. पाणी मी विचारलंच नाही. लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लातूरचा सांगावा आला. उमीची परीक्षा गेली म्हनं."

मी म्हटलं, हो.

"माज्यामुळं गेली?"

मी समोरची नोंदवही मिटली.

मग तिने पदराखालून दोन्ही हात काढून माझ्यापुढे धरले. म्हणाली, "तवा मी माज्या नावापुढं दुसऱ्या सोमवारपास्नं तीन लिवून घेतलं. मला बी वाटाया लागलं हुतं की ऊब आलीया. आता तू बघ. एकदा खरं सांग."

मी हात धरले. उमा, एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला, मला घाम सुटलेला, आणि तिचे हात विहिरीच्या तळासारखे गार. बोटांची टोकं पांढरी, नखाखाली निळसर. मी मोजायला लागले. वीस, तीस. तिने डोळे मिटले होते. माझ्या मनात त्या पायरीवरचं पोतं येत होतं, आणि तरी मोजत होते. साठ झाले.

म्हटलं, "शून्य."

ती म्हणाली, "मला ठाव हुतं." आणि हात काढून घेतले नाहीत.

तिला साधा गारठा नाही. रक्त कमी आहेच, पण आणखी काहीतरी आहे, बोटांकडे रक्त पोचत नाही. माझ्याकडे द्यायला काही नाही. तू लातूरला दवाखाना उघडते आहेस, तर आधी तिला बोलाव. पुडी देऊ नकोस, मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, रक्त तपास. तुला कळवू नको म्हणाली, पण आकडा आहे, मी लपवणार नाही.

जाताना दारात थांबली. म्हणाली, पुढच्या सोमवारी येऊ का. मी म्हटलं, सोमवारी सरजाबाईसह त्या चोवीस जणी असतात, त्यांच्या रांगेत बसावं लागेल. तिने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

घरी जाऊन तिने आंघोळ केली असेल का, हा विचार माझ्या मनात आलाच. काल टँकर आला नव्हता.

शकू